स्वतःचा आकडा खोडणाऱ्या अक्का

डॉ. वत्सला हुद्दार यांना मी प्रथम भेटले ती धारवाडच्या प्रयोगशाळेत. अळणावरजवळच्या खेड्यातून आलेली मी. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवून रक्तपेशी मोजायला सांगितलं.

"किती मोजल्यास?"

"दोनशे."

त्यांनी माझा कागद पुढे ओढला. मी मान खाली घातली. "एकशे चाळीस. पुढे डोळे दुखायला लागले."

"मग एकशे चाळीसच लिही," त्या म्हणाल्या, आणि मला विद्यार्थिनी म्हणून घेतलं. इतर विद्यार्थिनींप्रमाणे माझ्याही त्या अक्का झाल्या.

कोवळी तांबडी पेशी रक्तात येते तेव्हा तिच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारे, पोटॅशियम आत ओढणारे पंप भरपूर असतात. पेशी पक्व होते तसे ते कमी होत जातात. किती कमी होतात, हे अक्कांनी मेंढ्यांच्या रक्तावर मोजलं होतं. त्यांचा लौकिक त्या आकड्यावरच उभा होता.

माझ्या प्रबंधासाठी मी तोच प्रयोग केला. फक्त रक्त आधी सेल्युलोजच्या थरातून गाळून पांढऱ्या पेशी काढून टाकल्या. पंप कमी होत होतेच, पण ही घट अक्कांच्या आकड्याच्या निम्मीच निघाली. तीनदा केलं, तीनदा तेच. दोन दिवसांनी हुबळीच्या परिषदेत अक्का त्याच विषयावर बोलणार होत्या. तोवर गप्प राहिले असते तर परिषदेत कुणालाच काही कळलं नसतं.

सकाळी मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. माझ्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

"मत्त माडु," त्या कन्नडात म्हणाल्या. पुन्हा कर. "मी शेजारी बसते. हात लावणार नाही."

दिवसभर आम्ही दोघीच होतो. दुपारी त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी आणि अंबाडीची भाजी माझ्यापुढे सरकवली. स्वतः घासही घेतला नाही. संध्याकाळी आकडा आला. निम्माच.

"रक्त यंत्रात फिरवल्यावर कोवळ्या पेशींचा जो थर वर येतो, त्यात पांढऱ्या पेशी राहिल्या होत्या," त्या हळू म्हणाल्या. "त्यांचे पंपही मी कोवळ्या पेशींच्याच नावावर धरले, म्हणून घट दुप्पट दिसली."

विभागप्रमुखांनी सुचवलं, "हुद्दारबाई, या खेपेला विषय बदला. नंतर बघू." अक्कांनी ऐकलं नाही.

परिषदेत पहिलंच वाक्य त्यांनी उच्चारलं, "माझा आकडा चुकीचा होता." एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही चूक शिकवली?"

"होय. माझ्यामुळे." मग मला उभं करून त्या म्हणाल्या, "चूक हिनं शोधली."

पुढं त्यांच्या प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नाही. ते परिषदेमुळेच की काय, मला ठाऊक नाही; मला मात्र कित्येक महिने त्यांच्याकडे बघवत नसे. एकदा रडूच आलं. अक्का चिडल्या. "तू गप्प बसली असतीस तर माझं काय उरलं असतं?"

आज पंचाहत्तरीतही त्या मळमड्डी भागातल्या घरून रिक्षानं प्रयोगशाळेत येतात, मी आता शिकवते त्या विद्यार्थिनींचे तक्ते तपासतात आणि त्यांना घाम फोडतात. अक्कांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो; आणि आमची चूक घेऊन जिथं निर्धास्त जावं, असं ते एक दार आम्हाला पुष्कळ वर्षं उघडं राहो.