मसाव्याच्या बंदराचा वास

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जातो, हे आधीच सांगून ठेवतो. मी नगरच्या ख्रिस्ती शाळेतला मास्तर, अंगात येणाऱ्या बायांनाही चार गोष्टी सुनावलेला माणूस. पण हे माझ्या स्वतःच्या नाकाने अनुभवलंय... आजही लिहिताना मळमळतं.

दुसरं महायुद्ध चालू होतं. आपले शिपाई कुठे लढायला गेलेत ते खेड्यापाड्यांत दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणारा दिवा, आणि काचेच्या चित्रांची पेटी घेऊन बैलगाडीने पारनेरकडच्या एका गावी पोचलो. चित्रं मसाव्याची — आफ्रिकेच्या किनाऱ्याला, तांबड्या समुद्रातलं बेटावरचं जुनं बंदर, तुर्कांच्या काळातली पोवळ्याच्या दगडाची घरं, नक्षीदार लाकडी सज्जे.

उतरलो भागूबाईंच्या ओसरीवर. बाई माळकरी, घरात कधी अंडंसुद्धा फुटलेलं नाही. त्यांचा मुलगा सखाराम पलटणीबरोबर याच मसाव्याला बोटीतून उतरला, एवढंच कळलेलं. पुढे काही पत्ता नाही. नेमके त्या दिवशी सुनेचे, ठकूचे, वडील तिला न्यायला आले होते.

"पोरगी कवर बसवून ठिवायची, बाई? दुसऱ्या घरी तिचा पाट लावून देतो."

"माझा सखा जित्ता हाय. सून न्हाई सोडायची मी!"

ठकू चुलीपाशी भाकऱ्या थापत बसलेली.

आमचा पडदा म्हणजे साधं धोतर. ते ओलं करायचं, म्हणजे चित्र पलीकडूनही दिसतं — पुरुष पुढे बसतात, बायका मागे. विहिरीच्या गोड्या पाण्यात मीच ते भिजवलं. दिवेलागणीला खेळ सुरू केला. हा सज्जा बघा, ती कमान बघा, माझी बडबड चालली होती. एरवी उन्हाळ्यात धोतर बघता बघता वाळतं. पण बंदराच्या पायऱ्यांचं चित्र लावलं आणि त्यातून पाणी गळायला लागलं... टपटप! आणि वास! शी! सडलेल्या मासळीचा, कुजक्या दोरखंडांचा. माणसं नाकाला उपरणी लावून पळाली. मी पडदा ओढायला गेलो तर तो बुळबुळीत, आणि नखाला माशाचं खवलं चिकटलेलं. मी तिथंच ओकलो.

पडद्यामागे एकट्या भागूबाई बसून होत्या. त्यांनी धोतर ओढून घेतलं आणि तोंडाला लावलं.

"अहो बाई, टाका ती घाण!"

"घान म्हनू नका, मास्तर. माझं लेकरू हाय ते."

सकाळी धोतर वाळून कडक झालेलं, वर मिठाचा पांढरा थर. कुणी खोडी केली म्हणावं, तर त्या कोरड्या गावात मासळी आणणार कोण आणि कुठून? विहिरीचं पाणी तर मीही प्यालो होतो. इतकी वर्षं डोकं खाजवतोय. सखारामची खबरही पुढे कधी आली नाही.

मी निघालो तेव्हा भागूबाई स्वतः ठकूची वेणी घालत होत्या. वडिलांची गाडी जुंपलेली.

ठकू रडत होती. "आत्या, तुमी एकल्या कशा ऱ्हाल?"

"एकली कशानं? तो आलाय की घरी. जा तू आता."

धोतराची ती घाण त्यांनी काखेत घट्ट धरली होती. मी नाकाला रुमाल लावला आणि तोंड फिरवलं.