घोट तोंडात धरायचा

"जिभेच्या कडेला कॅन्सर आहे," असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न, "क्लास किती दिवस बंद ठेवावा लागंल?" हे लातूरला कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतात. मला रडू आलं आणि रागही आला.

रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. डॉक्टर त्याला म्युकोसायटिस म्हणतात, म्हणजे तोंडातली नाजूक त्वचा सोलवटून जखमा होणं. साधं पाणीही झोंबायचं. वजन उतरत चाललं.

"असंच राहिलं तर रेडिएशन मध्येच थांबवावं लागेल, आणि ते मला नको आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ग्लुटामिनची पावडर दिली. ते एक अमिनो ॲसिड, म्हणजे प्रथिनांचा एक घटक. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. करून बघू. पाण्यात कालवून तोंडात खळखळवायचं, थोडा वेळ धरायचं, मग गिळायचं."

ह्यांनी मान डोलावली. वर्षानुवर्षं पोरांना अमिनो ॲसिड शिकवणाऱ्या माणसाला मी काय समजावणार, म्हणून निर्धास्त राहिले.

आठवडा गेला, फरक काही नाही. मग एकदा मीच समोर बसले. ह्यांनी पेला ओठांच्या वीतभर वर धरला आणि औषध थेट घशात सोडलं.

हे किल्लारीचे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये अख्ख्या रांगेत एकच तांब्या, म्हणून सगळे वरून प्यायचे. ती सवय ह्यांच्या अंगात इतकी मुरलेली, की घरातही पेला कधी उष्टा केला नाही. आता जखमा चुकवायलाही ती सोयीची पडली होती.

"अहो, गालाला थेंबसुदीक लागंना झालाय. पेला तुमचा, औषध तुमचं. तुमच्या मागनं कोण पिणार हाय?"

"लई झोंबतंय गं," ते म्हणाले.

"झोंबू द्या. मी बसते जवळ."

त्या दिवसापासून मी रोज हात धरून बसायचे. गुण पावडरीचा, की जखमा आपोआप भरत आल्या, मला सांगता येणार नाही. पण वजन उतरायचं थांबलं आणि रेडिएशन खंड न पडता पुरं झालं. तुमच्या घरी असं औषध आलं, तर पेशंट ते कसं पितो हे एकदा समोर बसून बघा.

चव मात्र गेली होती. महिनोन्महिने हे त्यांच्यापुरतं वेगळं केलेलं पातळ वरण-भात मुकाट्यानं जेवायचे. परवा म्हणाले, "वरणात मीठ लई झालंय."

मी चाखलं. खारटच होतं. किती दिवस असं वाढत होते, कोण जाणे. मी उठले आणि देवापुढे साखर ठेवली.