उलटी काच आणि डाव्या हाताचा पखवाज

माझ्या स्टुडिओत पडदा एकच होता. पुण्याच्या एका पेंटरकडून रंगवून आणलेला: संगमरवरी जिना, दोन कुंड्या आणि कठड्यावर बसलेला मोर. एकोणीसशे तीसच्या पुढच्या त्या वर्षांत बारामतीत ज्याला म्हणून फोटो काढून घ्यावासा वाटला, तो या मोराशेजारी बसला. गुळाचे अडते बसले, शाळामास्तर बसले, छोट्या रेल्वेगाडीचे गार्ड बसले, इंदापूरहून सर्व्हिस मोटारीनं धूळ खात आलेली नवी जोडपी बसली. मोर प्रत्येकाच्या उजव्या खांद्यामागं. फोटो माझ्याकडचा आहे हे लोक मोरावरून ओळखत. फोटोच्या चांगुलपणावरून ओळखल्याचं मला कुणी सांगितलं नाही.

मोराचं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळा बाजार त्याच्याकडं बघणार आहे आणि मी एकटा बघणार नाही.

त्या दिवसांत फोटो काचेवर निघायचा. काचेची मसाल्याची, म्हणजे रसायन फासलेली बाजू कागदाला लावून चौकट उन्हात ठेवली, की फोटो सरळ छापला जातो. काच उलटी लागली की डावं ते उजवं. एकदा एका लग्नाची काच मी अशी उलटी छापली आणि नवरीला नवऱ्याच्या उजव्या हाताला नेऊन बसवलं. मुलीचा बाप दुकानात येऊन म्हणाला, "फोटोवालं, साऱ्या भावकीनं मिळून लगीन लावलंय. तुमी एकट्यानं मोडू नका."

तेव्हापासून मी नियम केला. छापायच्या आधी माणसाचा हात बघायचा. काठी, लेखणी, जे काही असेल ते उजव्या हातात दिसलं, की काच बरोबर. या नियमावर मी इतका खूश होतो की "हात बघ" असं एका पाटीवर लिहून ती चौकटींच्या वर टांगली होती. बायको म्हणाली, "पाटीत डोकं घालण्यापेक्षा माणसाला विचारावं." मी हसलो. मला तेव्हा हसायची फार सवय होती.

वाजवणाऱ्या मंडळींचं आणि माझ्या कॅमेऱ्याच्या डब्याचं तसं कधी जमलंच नाही. एका सनईवाल्याला मी "हलू नका" म्हणालो, तर त्यानं गाल फुगवले ते मी काच काढून आत जाईपर्यंत सोडले नाहीत. परत येतो तो डोळे पांढरे. पानाच्या दुकानावर बसणारे एक तबलजी चाचा, मी एक-दोन-तीन मोजत असताना तालात पाय हलवत राहिले. चाचा झकास आले, पायाच्या जागी ढग आला. ते म्हणाले, "तुमीच तीन मात्रा मोजल्या की. मी साथ केली."

अशात एका बाजारादिवशी पखवाजवाले बुवा आले. इंदापूरच्या वाटेवरच्या एका गावचे. वांग्यांचं टोपलं माझ्या दुकानासमोर, कन्हेरी गावच्या पेरूवाल्यांच्या शेजारी लावत. चेहऱ्यावर देवीचे वण, अंगावर धुतलेली बंडी, काखेत गोधडीत गुंडाळलेला पखवाज.

"देवळात पुढं बसू देत न्हायती मला," ते म्हणाले. "तवा तुमच्या काचंत बसवा. रस्त्याकडंच्या. बाजाराला येनारा समदा गाव बघंल."

का बसू देत नाहीत, हे कुठल्याही शहाण्या माणसानं विचारलं असतं. मी म्हणालो, "मान जरा वर."

मला हे पंधरा दिवसांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो: बुवा डावरे होते. पखवाजाचं काळ्या शाईचं तोंड जगभर उजव्या हाताला असतं, कणीक लावायचं तोंड डाव्या. बुवांचं सगळं त्याच्या उलट. गावात सप्ताह असला की सात दिवस ते मागं खांबाआड बसून वाजवत, आणि शेवटच्या दिवशी देवापुढच्या भजनाला पखवाज त्यांच्या मांडीवरून काढून घेत. देवापुढं डावा हात चालायचा नाही, असं देवळाचे पंच आबा यांनी ठरवलं होतं. त्या भागातली लग्नाची वरातसुद्धा आबांना विचारून निघे, तिथं पखवाजाची काय कथा?

बसताना बुवांनी आमच्या घरातून मळलेली कणीक मागितली. बायकोनं गोळा आणून दिला.

"बुवा, फोटोत आवाज येत नाही," मी म्हणालो.

"तुमाला. पखवाजाला कळतंय की."

मग तीनदा बजावलं, "जसा हाय तसा काढा. कायबी दुरुस्ती नगं." मला वाटलं, वणांबद्दल बोलतायत. पेन्सिलीनं वण बुजवण्यात माझा हात चांगला होता. "पेन्सिल लावणार नाही," असं मी उदार होऊन सांगितलं. काळ्या कापडाखालून माणूस खाली डोकं वर पाय असा दिसतो. रोज तेच बघून माझं डाव्या-उजव्याचं ज्ञान आधीच पातळ झालेलं. मी मोजलं, झाकण लावलं, काम संपलं.

दुसऱ्या दिवशी काच हातात घेतली, पाटीकडं बघितलं, बुवांच्या हाताकडं बघितलं. शाईवर डावा हात! काच उलटी धरली बेट्या, असं स्वतःला म्हणालो, पालथी केली आणि छापली. उलट्या काचेमुळं फोटो किंचित धूसर आला. तो मी भक्तीचा परिणाम समजलो. मोठा फोटो छानपैकी चौकटीत घालून रस्त्याकडच्या काचेत लावला.

पहिले बघायला आले ते आबाच. गुळाच्या गाड्या घेऊन बाजाराला आले होते. काचेसमोर काठी टेकून उभे राहिले.

"फोटोवालं, ह्यो वळला की रं!"

"कोण वळला?"

"अवो, आमचं डावरं. उजव्या हातावर आलंय! बारामतीला येऊन वळला, पन वळला." आणि तिथंच चार माणसांदेखत जाहीर केलं, की यंदा सप्त्याच्या शेवटच्या दिवशी बुवा देवापुढं बसतील, उजव्या हातानं वाजवतील, आणि मी नेहमीप्रमाणे भजनाचा फोटो काढायला यायचं. जाताना माझी पाठ थोपटली. मी ती थोपटून घेतली. कशाबद्दल, ते नीट समजलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला बुवा आले ते टोपलं न लावताच. दुकानात येऊन फोटोसमोर उभे राहिले.

"ह्यो कोन?"

"तुम्हीच की, बुवा."

"म्या न्हाय. ह्यो आबाचा मानूस हाय." मग दोन्ही हात पुढं केले. "बारकेपनी गुरूनं ह्यो डावा हात वरीसभर कासऱ्यानं कमरंला बांधला. जेवताना सोडायचा, परत बांधायचा. वळला न्हाय. आबांनी धा वर्सं मागं बसवला. वळला न्हाय. तुमी घटकंत वळवला. शाबास!"

"बुवा, काच उलटी लागली असेल..."

"मोर बघा."

मी बघितला. मोर डाव्या खांद्यामागं बसला होता. रस्त्यावर दहा-वीस माणसं जमली होती आणि सगळी मोराकडं बघत होती. एकजण आपल्या घरच्या फोटोतला मोर कुठं आहे ते खांद्याला हात लावून दाखवत होता. अख्ख्या बारामतीच्या भिंतींवर माझ्याविरुद्ध पुरावा टांगलेला होता.

आतून बायको म्हणाली, "कणीक त्यांनी उजवीकडच्या तोंडाला लावली होती. मी बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पाटी वाचत होता."

आता माझ्या हुशारीचा दुसरा भाग ऐका. मी बुवांना बाजूला घेऊन म्हणालो, "हा फोटो सप्त्यापर्यंत असाच राहू द्या. आबा तुम्हाला पुढं बसवतील. एकदा बसलात की वाजवा कसंही."

बुवांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू पखवाजाऐवजी मलाच कणीक लावायची आहे. "चोरून बसायचं असतं तर हात कवाच बदलला असता, फोटोवालं. त्यो हितं यील आन् मला डावरा बघंल. मग बसवू दे न्हाय तर न बसवू दे. पन बघू दे."

ऊन चांगलं होतं. मी काच सरळ लावून तिथंच दुसरा फोटो छापला. हा लख्ख आला. एकेक वण मोजून घ्यावा, शाईवर डावा हात पसरलेला, मोर आपल्या जागी. काचेत चढवला आणि आबा आले.

काठीचं टोक काचेवर आपटलं. मग म्हणाले, "उतरव."

"उतरवतो, आबा."

"आत्ता. न्हायतर आमच्या भागातल्या एकाबी लग्नाला तुझा डबा लागनार न्हाय."

"उतरवतोच, आबा."

खरं सांगतो, मी उतरवणारच होतो. स्टूलसुद्धा ओढलं. पण रस्त्यापलीकडं बुवा आता लावलेल्या टोपल्यापाशी उभे होते, हाताची घडी घालून, माझ्याकडं बघत. अलीकडं आबा, पलीकडं बुवा. भीती दोन्हीकडून सारखीच होती. मी स्टुलावर चढून उभा राहिलो आणि तसाच उभा राहिलो. आबांचं एक गिऱ्हाईक आलं, त्यांना जावं लागलं. मी खाली उतरलो. फोटो वरच होता. लोक नंतर मला धीराचा माणूस म्हणाले. बायकोनं मात्र ती "हात बघ"ची पाटी काढून चुलीत घातली, आणि तेवढ्याच जाळावर मला चहा करून दिला.

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी डबा, तिपाई, काचा घेऊन मी त्या गावी पोचलो. आबांनी येऊ नको म्हटलं नव्हतं, आणि फोटोत मधोमध उभं राहायची त्यांना दरवर्षीची सवय होती. मारुतीच्या देवळासमोर मंडळी टाळ घेऊन जमत होती. बुवा सरळ चालत आले, खांबाकडं वळून बघितलंसुद्धा नाही, आणि देवापुढं मांडी घालून बसले. शाईचं तोंड डावीकडं. कणीक लावायला लागले.

आबा म्हणाले, "ऊठ."

"उठवा," बुवा म्हणाले. आवाज चढवला नाही. कणीक लावत राहिले.

पुढं वीणा घेऊन बुवांचे गुरू उभे होते, तेच कासरावाले. वयानं त्यांचा उजवा हात थरथरायचा, म्हणून पखवाज सुटून वीणा गळ्यात आलेली. आबा त्यांच्याकडं वळले. "तात्या, तुमीच सांगा याला. तुमचा चेला हाय."

म्हाताऱ्यानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं.

"आबा, म्या वरीसभर बांधला त्यो हात. कासरा झिजला. आता देवालाच बांधायचा आसंल तर बांधू दे." आणि त्यांनी विणेची तार छेडली. बुवांची थाप त्यावर पडली.

ती थाप कशी होती ते मला सांगता येणार नाही. मला संगीतातलं कळत नाही, चाचांना विचारा. एवढंच बघितलं, की आबांच्या पायाचा अंगठा तालात हलत होता आणि ते त्याला दाबून धरत होते.

भजन संपल्यावर फोटो. आबा दरसाल घेत तसाच पवित्रा घेतला: डाव्या हातावर प्रसादाचं ताट, उजवा हात प्रसाद देताना पुढं केलेला. शेजारी तात्या, पायाशी बुवा, मागं दारातून मारुती. मी मोजलं. कुणी हललं नाही.

आठवड्यानं आबा दुकानात आले. फोटो न बघताच हळूच म्हणाले, "काच उलटी लाव. तुला येतंय की ते."

"लावली आहे, आबा." मी आधीच दोन्ही छापून ठेवले होते. उलटा पुढं केला.

बुवांचा उजवा हात शाईवर बघून आबांचा चेहरा फुलला. मग त्यांची नजर वर सरकली. फोटोतले आबा डाव्या हातानं गावाला प्रसाद वाटत होते. मागं मारुतीची गदासुद्धा दुसऱ्या हाताला गेली होती.

"आरं, ह्यो माझा हात..."

"काच एकच आहे, आबा. एकाला उजवा केला की बाकीचे सगळे डावरे होतात. तुम्ही, तात्या, मारुतीसुद्धा. म्हणाल तर देवळात हा लावतो."

आबांनी फोटो टेबलावर पालथा घातला. माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात दोन वर्षांची लग्नं होती आणि ती पुढं खरोखरच मला मिळाली नाहीत. मग त्यांनी दुसरा, बरोबर छापलेला फोटो उपरण्यात गुंडाळला आणि तो काखेत मारून निघून गेले. तोच देवळात लागला.

बुवा पुढच्या बाजाराला वांगी घेऊन आले. चार जास्तीची बायकोच्या पदरात टाकली. मी म्हणालो, "बुवा, सप्त्याच्या फोटोची एक प्रत घरी ठेवायला देऊ का?"

"कशाला? देवळात हाय की," ते म्हणाले. "तितंच बघीन. पुढं बसून."