आमच्यातलीच असणार!

समस्त रत्नागिरीकरांस आणि रत्नागिरीबाहेरच्या दुर्दैवी जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, या हिंदुस्थानात आजवर ज्या ज्या बाईने काही नाव काढले, मग ती बी.ए. झालेली असो, डॉक्टर झालेली असो, की भर सभेत उभी राहून चार वाक्ये न अडखळता बोललेली असो, ती प्रत्येक बाई आमच्या मामेसासऱ्यांच्या पोटजातीतली होती. यात शंकेला जागा नाही. होती तेवढी सगळी जागा मामेसासऱ्यांनी येरझारा घालून व्यापली होती.

मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. पण आळीतली लहानथोर सगळीच माणसं त्यांना मामा म्हणत, त्यामुळे मला वेगळी हाक शोधावी लागली नाही. दिवाणी कोर्टात नाझर होते, नुकतेच पेन्शनीत निघाले होते. एकोणीसशे तीसच्या आसपास मी लग्न करून आणि मास्तरकी पत्करून, म्हणजे दोन्ही जोखडं एकाच वर्षात मानेवर घेऊन, रत्नागिरीला आलो आणि मामांच्या घरामागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की या गृहस्थांना बसता येत नाही. पाय ठणठणीत, पाठ ठणठणीत, फक्त बसणं तेवढं जमत नसे. ओटीवर झोपाळा होता तो एवढ्याचसाठी, की घरात एक तरी आसन त्यांच्याबरोबर हलणारं असावं. जेवताना भात कालवला की उठून अंगणात गाय बघून येत, आमटी वाढली की पुन्हा गाय. गाय बिचारी दोन वेळा जेवणारी, पण तिलाही यांच्या जेवणाच्या वेळा पाठ झाल्या होत्या. न्हावी तर त्यांची दाढी अंगणातून चालता चालता करी आणि घरी जाऊन पाय चेपून घेई.

मुंबईचं वर्तमानपत्र तेव्हा आगबोटीनं येई. बोट मांडवीसमोर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, टपाल, कोंबड्या, सगळं पडावात भरून किनाऱ्याला येई. मामा बंदरावरच अंक उघडत आणि वाचत वाचत घरी चालत. बैलगाड्यांना हे ठाऊक असल्यामुळे त्या आपण होऊन बाजूला होत. वाचता वाचता कुठे एखाद्या बाईचं नाव आलं की मामा जागच्या जागी थांबत. चोवीस तासांत ते स्थिर होत ते एवढेच. मग चौकशी सुरू. आधी आडनाव. आडनाव जुळलं की विषय संपला. न जुळलं तर मूळ गाव. राजापूर-लांजा पट्ट्यातलं कुठलंही गाव निघालं की 'आमच्यातलीच असणार!' गाव घाटावरचं निघालं तर कुलदेवी. कुलदेवीही परकी निघाली तर आजोळ. आणि आजोळही फितूर झालं तर मामा क्षणभर खाली बघत आणि म्हणत, "घराण्यात कुणीतरी दत्तक गेलेला असणार. त्याशिवाय एवढी हुशारी येत नाही हो!" एकदा परदेशात विमान चालवणाऱ्या एका मडमेचं चित्र छापून आलं होतं. मामांनी तो अंक माझ्यासमोर धरला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नाक बघा, जावईबापू. मी काही बोलत नाही. फक्त नाक बघा."

समोरच्या घरात एक वकील राहत. ते चित्पावन आणि आम्ही कऱ्हाडे. आज तरुण मंडळींना हा भेद समजावून सांगायचा म्हणजे मोठी पंचाईत. एका विहिरीचं पाणी, एकसारखी हापूसची कलमं, एकच पंचांग. पण सोयरीक जुळवायची गोष्ट निघाली की मध्ये एकदम खाडी पसरे आणि ती ओलांडायला होडी नसे. वकीलसाहेबही बायकांची नावं गोळा करण्यात मामांच्या तोडीस तोड. सकाळी दोन ओट्यांवरून तोफा सुटत.

"वकीलसाहेब, आमची एक बी.ए. झाली हो!"

"झाली ना? छान झालं. तिथे शिकवायला आमचीच आहे. तिनंच पास केलंन असेल."

"आमची एक मुंबईत दवाखाना काढत्ये म्हटलं!"

"काढू दे, काढू दे. उद्घाटनाला आमची पाठवतो."

या दोघांची मजा सर्वांत जास्त लुटी तो हसनमिया नाखवा. म्हातारा कोकणी मुसलमान, तरुणपणी इंग्रजी बोटींवर खलाशी म्हणून अर्ध्या जगात हिंडलेला आणि आता बंदरावर पडाव चालवणारा. त्यानं एकदा मामांना सांगितलं, "मामा, आफ्रिकेच्या पलीकडच्या अंगाला लागोस म्हणून बंदर आहे. तिथला अख्खा बाजार बायकांच्या हातात. त्यातली एक बाई तर अशी जबरदस्त, की गोरा साहेबसुद्धा तिच्याशी भाव करताना टोपी हातात घेई. तिथल्या दोन जमाती होत्या. दोन्हींची माणसं मला धक्क्यावर धरून सांगायची, ती आमच्यातली म्हणून. बोलता बोलता एकमेकांच्या अंगावर जायची. मला तेव्हा रत्नागिरीची सय आली हो, डोळ्यांत पाणी आलं."

"मग होती कुणाच्यातली?" मामांनी घाईनं विचारलं.

"कुणाला ठाऊक! ती बाजारात कामात असे. तिला विचारायला कोण गेला नाही."

"अरे, कुलदेवी तरी विचारायची होतीस!" मामा हळहळले आणि पुढचे दोन दिवस लागोसच्या काळजीत फिरत राहिले.

आता या सगळ्या गलबल्यात एक मुलगी अगदी गप्प असे. ती म्हणजे मामांची धाकटी लेक वत्सू. मॅट्रिक होऊन तिला वर्ष झालं होतं आणि तिला मुंबईला जाऊन डॉक्टरकी शिकायची होती. तिनं हे एकदाच सांगितलं, स्पष्ट सांगितलं आणि मग पुन्हा म्हणून बोलली नाही. मामा "बघू" म्हणाले आणि गाय बघायला गेले. त्यानंतर लांज्याचं एक स्थळ पुढे येऊ लागलं. मामा आमच्या ज्ञातीच्या मंडळाचे चिटणीस. मुलगी एकटी मुंबईला राहणार, प्रेतं फाडणार, कुणाकुणाच्या हातचं खाणार, हे मंडळाला कसं रुचावं? एके दिवशी माझ्या बायकोला राहवलं नाही. ती म्हणाली, "मामा, जगातल्या शिकलेल्या सगळ्या बायका तुमच्यातल्या. मग आपली वत्सू कुणाच्यातली हो?" मामांनी तिच्याकडे बघितलं, झोपाळ्याला एक धक्का दिला आणि रिकामा झोपाळा हलत ठेवून निघून गेले.

आणि तेवढ्यात बातमी आली की मुंबईच्या एक नामांकित डॉक्टरीणबाई बायकांच्या दवाखान्याच्या कामासाठी रत्नागिरीला येताहेत. आडनाव असं, की आमच्यातही सापडे आणि वकिलांच्यातही. मूळ गाव कुणाला नक्की माहीत नाही. मामांचा डोळ्याला डोळा लागेना. दोन्ही मंडळांनी स्वागत जाहीर केलं, दोन्ही मंडळांनी हार आणले आणि बोट दिसताच दोन पडाव बंदरातून सुटले. बाईंना आपल्या पडावात जो बसवील त्याच्यातल्या बाई, असा त्या सकाळी मांडवीवर न बोलता ठराव झाला होता. मी आमच्या पडावात होतो. मामा उभे. नाखवा ओरडून सांगतोय, "मामा, बसा! तुमच्या नाचण्यानं पाणी आत येतंय!" पण मामा पगडी सावरत ओरडताहेत, "मारा वल्ही! ते पुढे चाललेत!" एका लाटेनं पगडी समुद्रात टाकली. ती वकिलांच्या पडावातल्या कुणीतरी वल्ह्यानं उचलली आणि वकीलसाहेब ती हातात धरून म्हणाले, "मामा, वाट द्या, पगडी देतो."

"पगडी ठेवा तुम्हाला! शिडी सोडा!"

बोटीच्या शिडीखाली दोन्ही पडाव एकमेकांना अडवून असे काही उभे राहिले, की वरच्या उतारूंना खाली पाणीच दिसेना. आधी कुणी वर चढायचं यावर वाद झाला. मग वादाची सुरुवात कुणी केली यावर वाद झाला. शेवटी हसनमियानं वल्हं खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, भांडताय कुणासाठी? बाई गेल्या! पलीकडनं टपालाच्या पडावातून गेल्या!"

आम्ही भिजलेले हार घेऊन परत आलो तेव्हा बाई बंदरावर आपल्या ट्रंकेवर बसल्या होत्या आणि वत्सूशी बोलत होत्या. वत्सूला मी इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी सभा झाली. बाई एक आणि दिवाणखाना एक, त्यामुळे नाइलाजानं एकत्र. अध्यक्ष मात्र दोन. मामांनी भाषण केलं, फार उत्तम केलं. ज्ञातीची कन्या, ज्ञातीचं तेज, ज्ञातीचा गौरव. वकीलसाहेबांनीही तेच भाषण केलं, फक्त ज्ञाती बदलली. मग बाई उभ्या राहिल्या. आवाज बारीक होता.

"दोन्हीकडच्यांनी मला आपली म्हटलं, बरं वाटलं. मी शिकायला गेले तेव्हा मी कुणाचीच नव्हते. माझ्या वडिलांना पंगतीला बोलावणं बंद झालं. आमच्याकडे श्राद्धाला ब्राह्मण मिळेना. वडील एकटेच पाट मांडून बसत आणि आईला म्हणत, आज पंगत लहान आहे, वाढायला सोपं. मी कुठल्या ज्ञातीतली ते मी सांगणार नाही. कारण त्या वेळी ज्यांनी वडिलांना टाळलं त्यांची नावं मला पाठ आहेत, आणि आज माझ्या गळ्यात हार घालणाऱ्यांचा मला अपमान करायचा नाही."

रत्नागिरीच्या इतिहासात प्रथमच दोन्ही बाजूंना मनापासून वाटलं, की बाई समोरच्यांच्यातली असावी. मामा खुर्चीत बसले आणि सभा उठून गेली तरी बसून होते. वकीलसाहेबांनी पगडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली, तीही त्यांनी बघितली नाही.

पुढचे दिवस मात्र फार वाईट गेले. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायची वेळ जवळ आली होती आणि लांज्याची माणसं बघायला यायची होती. मामा ओटीवरून अंगणात, अंगणातून विहिरीवर, विहिरीवरून माझ्या खोलीत. एका दुपारी दाराशी उभे राहून म्हणाले, "जावईबापू, एकट्यानं जेवायला मी भीत नाही हो. पण वाढताना ही रडेल."

"मी नाही रडायची," मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "बत्तीस वर्षं तुम्हाला वाढत्ये, तुम्ही पानावर असता कुठे?" मग तांदूळ निवडता निवडता, सहज म्हणाव्यात तशा म्हणाल्या, "समोरच्यांची भाची जायच्ये म्हणे डॉक्टरकीला. वकिलीणबाई सांगत होत्या विहिरीवर."

मामा जागच्या जागी थांबले. "कधी?"

"जाईल पुढेमागे."

ती भाची तेव्हा सात वर्षांची होती आणि परकराला गाठ मारायला शिकत होती. मामींना हे पक्कं ठाऊक होतं. मला वाटतं, मामांनाही ठाऊक होतं. पण माणसाला जे मनातून करायचं असतं त्यासाठी चारचौघांत सांगता येईल असं काहीतरी कारण लागतं, आणि मामींनी ते तांदळाच्या सुपातून काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "म्हणजे पहिली डॉक्टर त्यांची होणार? आळीतली पहिली?" मामा कडाडले. त्याच संध्याकाळी लांज्याला निरोप गेला, की मुलीला सवड नाही.

चिटणीसपद गेलं. ज्येष्ठात मंडळाच्या दोन घरी मुंजी-लग्नांची जेवणं झाली, आमच्या घरी आमंत्रण आलं नाही. मामा आले की माणसं पंचांग बघू लागत. हे सगळं पुढे निवळलं, काळानं निवळवलं. वत्सू डॉक्टर झाली, तिच्या हातांवर निम्मी रत्नागिरी जन्माला आली. आता त्याच मंडळाच्या वार्षिक समारंभात तिचा उल्लेख 'आमची कन्या' असा होतो, आणि परवा तर वकिलांच्या घरातला एकजण मला सांगत होता की तिचं आजोळ त्यांच्यातलं आहे. मामा असते तर या बोलण्यावर आख्खी मांडवी दणाणली असती. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ओटी तशीच आहे, पण घर फार स्वस्थ झालंय, आणि मला ती स्वस्थता अजून मानवत नाही.

मला सारखी आठवते ती वत्सू निघाली ती सकाळ. ज्ञातीची माणसं निम्मीसुद्धा आली नव्हती. वकीलसाहेब मात्र आले होते, हातात सोनचाफ्याची फुलं घेऊन. "मामा," ते म्हणाले, "पहिली तुमची गेली हो. कबूल." मामांनी भाषण तयार केलं होतं. गोठ्यात आदल्या दिवशी मी ते पुरतं ऐकलं होतं, त्यात सुवर्णाक्षरं होती, इतिहास होता, भावी पिढ्या होत्या. हसनमियानं पडाव सोडला. वत्सू ट्रंकेला धरून ताठ बसली होती, इकडे बघत नव्हती. सगळी माणसं मामांकडे बघू लागली. मामा वहाणांसकट पाण्यात शिरले, गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन त्यांनी हात वर केला, घसा साफ केला, आणि कोर्टात पुकारा करायच्या आवाजात सगळ्या मांडवीला ऐकू जाईल असे ओरडले, "वत्सू, बोट लागली तर लिंबू चोख गो बाय!"