जाहिराती पळवायचं बटण

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मुळातच कमी बोलणारे. मी त्यांच्यावर गेलो. बोरी बुद्रुकच्या आमच्या घरात बोलायचं काम आईकडं आणि धाकट्या बहिणीकडं होतं. नव्वदच्या दशकात घरात टीव्ही आला तेव्हा आबांनी एकच नियम घातला: कार्यक्रम चालू असताना कुणी बोलायचं नाही. कार्यक्रम कसलाही असो, बातम्या, शेतीचा की रविवारचा सिनेमा. मध्ये शब्द आला की ते उठून आवाज वाढवायचे.

त्यामुळं आईनं आपली सोय करून घेतली. जाहिराती लागल्या की ती सुरू व्हायची. म्हैस आज दूध कमी का देते, मोटार पुन्हा का जळली, नारायणगावच्या मावशीनं काय निरोप धाडला. आबा पडद्याकडं बघतच ‘हं’ म्हणायचे. साबणाची शेवटची जाहिरात तिला पाठ होती. ती लागली की आई वाक्य कसंबसं संपवायची आणि गप्प बसायची.

मी कॉलेजात असताना आई काविळीनं गेली. पुढं बहिणीचं लग्न होऊन ती चिंचवडला गेली. घरात आबा आणि मी राहिलो. त्यानंतर जाहिराती लागायच्या तेव्हा फक्त जाहिरातीच ऐकू यायच्या.

माझं लग्न झालं तेव्हा मी जुन्नरच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कामाला होतो. मुलगी घोडेगावची, नर्सिंग शिकलेली. ग्रंथालयात मी दिवसभर गप्प, घरी आलो तरी गप्प, आणि आबा तर शेतातून येऊन पाय धुतले की टीव्हीपुढं. तिनं हे घर पहिल्या आठवड्यातच ओळखलं. दिवसभराचं साठवून ठेवायची आणि जाहिरात लागली की सांगायची. उसाच्या कडेला बिबट्याची पावलं दिसली, शेजारच्या काकूंनी पापडाला बोलावलंय, तिला बघून गावातल्या पोरांना इंजेक्शनचीच आठवण होते. मला हसू यायचं. आबाही कधीकधी म्हणायचे, “असं व्हय.” तिला तेवढंही पुरायचं असं मला वाटत होतं.

एका संध्याकाळी ती माहेरच्या एका लग्नाबद्दल सांगत होती. कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, पण ती थांबली नाही. गोष्ट ऐन मध्यावर होती. आबांनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. रागानं नव्हे, हात सवयीनं गेला असावा. ती उठून आत गेली आणि तिनं पीठ मळायला घेतलं. मी टीव्हीकडंच बघत होतो. त्या लग्नात पुढं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिला मंचरला एका दवाखान्यात काम मिळालं. बोरीहून रोजची ये-जा जड होती, घोडेगावाहून सोपी. म्हणून आठवडाभर माहेरी राहायचं आणि रविवारी इकडं यायचं असं ठरलं. मग रविवारीही ड्यूटी लागू लागली. मग एकदा ती आली आणि जाताना कपाटातले कपडे घेऊन गेली. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवायला माणसं तरी आली असती.

लोडशेडिंगचे ते दिवस होते. ऐन मालिकेच्या वेळी लाईट जायची आणि मालिका संपली की यायची. आबा अंधारात बंद टीव्हीपुढं बसून राहायचे. बहिणीला हे फोनवर कळलं. दिवाळीला आली तेव्हा तिनं आमच्याकडं डिश बसवून दिली, रेकॉर्डिंगच्या डब्यासकट. दुपारी कालच्या भागाचं पुनर्प्रक्षेपण लागायचं, तेव्हा लाईट असायची. डबा ते आपोआप धरून ठेवायचा आणि संध्याकाळी लाईट आली की आम्ही बघायचो. आमच्या घरात मालिका गावापेक्षा एक दिवस मागं चालायची.

डिशची छत्री बसवायला आळेफाट्याहून माणूस आला होता. त्यानं आबांना रिमोट समजावून दिला. “हे दाबलं की पुढं पळतं, बाबा. जाहिराती बघायची गरज नाय.”

मोबाईलला हात न लावणारे आबा ते बटण एका दिवसात शिकले. जाहिरात लागली की अंगठा पडायचा. पडद्यावरच्या बाया भराभर केस धुवायच्या, पोरं घटाघट दूध प्यायची, आणि मालिका जिथं थांबली तिथून पुढं चालू. “हे लई बेस झालं,” आबा म्हणाले. “फुकटची कटकट न्हाई.”

मला मात्र त्या जाहिरातींची गरज होती. आमच्याकडं बायको माहेरी जाऊन राहिली तर नवऱ्यानं स्वतः जाऊन चालत नाही. घरातलं वडीलधारं माणूस जातं, मुलीच्या वडिलांशी दोन शब्द बोलतं आणि सुनेला घेऊन येतं. आमच्या घरात जाणारं माणूस एकच होतं. ‘आबा, तुम्ही एकदा घोडेगावला जाऊन याल का,’ एवढंच विचारायचं होतं. मी कामावरून येताना बसमध्ये ते वाक्य जुळवायचो. घरी जेवण व्हायचं, टीव्ही लागायचा, मी जाहिरातीची वाट बघायचो. जाहिरात लागायची, मी घसा साफ करायचो, आणि आबांचा अंगठा खाली जायचा. परत मालिका. परत आमचा नियम.

सुरुवातीला वाटलं, नव्या वस्तूचं कौतुक आहे, उतरेल. मग एका संध्याकाळी मी आत भांडी घासत होतो आणि बाहेरून जाहिरातींचा आवाज येत होता. चहाची झाली, सिमेंटची झाली, रंगाची झाली. सगळ्या संथ, पूर्ण. मी हात पुसून बाहेर येऊन बसलो. पुढच्या वेळी जाहिरात लागली तसं बटण दाबलं गेलं. नंतर मी मुद्दाम लक्ष ठेवलं. मी आत असलो की जाहिराती चालायच्या. मी समोर असलो की पळायच्या.

तेव्हा मला वाटलं, आबांना तिचा राग आहे. गावात बोभाटा झाला, त्याची लाज असेल. त्यांना हा विषयच नको आहे. मग मीही बसमध्ये वाक्य जुळवायचं सोडून दिलं. त्या हिवाळ्यात आमच्या घरात सबंध संध्याकाळ मिळून ‘जेवायला वाढू का’ आणि ‘कडी लाव’ एवढंच बोलणं व्हायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर आबांचं खोकणं ऐकू आलं की बरं वाटायचं.

कांदा काढून झाला होता, तेव्हाची गोष्ट. रविवारची दुपार. दुपारची लाईट होती. डिशच्या कंपनीनं नवीन सोय काढली होती: यादीतून आपल्याला हवा तो सिनेमा निवडायचा आणि हवा तेव्हा बघायचा. काही सिनेमे फुकट होते. आबांनी एक जुना मराठी तमाशापट निवडला. मी शेजारी शेंगा सोलत बसलो.

पहिली लावणी संपली आणि जाहिरात आली. आबांनी बटण दाबलं. पडद्याच्या तळाला इंग्रजीत एक पट्टी आली आणि जाहिरात आपल्या चालीनं चालू राहिली. आबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा पट्टी.

“काय म्हनतंय ते?” त्यांनी विचारलं.

“जाहिरात पळवता येणार नाही, म्हणतंय.”

“का?”

“पिक्चर फुकट दाखवतात ना. म्हणून जाहिरात बघावी लागते. ते बटण त्यांनीच बंद केलंय.”

त्यांना पटलं नाही. रिमोट तळहातावर आपटला. मागचं झाकण काढून सेल बाहेर काढले, पुसले, परत घातले. बटण दाबलं. पट्टी आली.

“बंद करू का?” मी विचारलं.

“ऱ्हाऊ दे.”

टीव्हीवर एक बाई फरशी पुसत होती. आबा रिमोटकडं बघत राहिले. मी काहीच विचारणार नव्हतो, माझं मन त्यातून केव्हाच निघालं होतं. पण त्यांना ते माहीत नव्हतं. मी आता विचारणार, असंच त्यांना वाटलं असावं.

“मी जाऊन आलोय,” ते म्हणाले.

“कुठं?”

“घोडेगावला.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. “कधी?”

“दिवाळीच्या आदी. आन परत संक्रांतीला. तू कामावर गेल्यावर गेलो व्हतो. यष्टीनं.”

सिनेमा पुन्हा सुरू झाला. ढोलकी वाजू लागली. आबांनी रिमोट उचलला, तेव्हा मला वाटलं संपलं बोलणं. पण त्यांनी आवाज कमी केला. पार बंद केला. कार्यक्रम चालू असताना त्यांनी आवाज बंद केलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

“पयल्यांदा तिचा बाप बोलला. म्हनला, पोरीला इचारून सांगतो. दुसऱ्यांदा तीच समोर बसली. चहा दिला. पाया पडली.”

“काय म्हणाली?”

“म्हनली, मामा, तुमचा राग न्हाई. त्यांचाबी न्हाई. पन त्या घरात ऱ्हायले का मला माझाच आवाज परका वाटाया लागतो. मला मोकळं करा. कागद करू, पन भांडान नको.”

“मग तुम्ही?”

“मी काय बोलनार. बरं म्हनलो. आन आलो.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. त्यांनी पडद्याकडं बघत उत्तर दिलं. तिथं नाचणारीचं तोंड हलत होतं आणि आवाज येत नव्हता.

“तू इचाराया बगायचा, ते मला कळायचं. जाहिरात लागली का तुझा घसा वाजायचा. मंग मी बटन दाबायचो. आदी त्यांच्या निरोपाची वाट बगत व्हतो. मंग तुला काय सांगू, बायको येनार न्हाई म्हनून? माझ्या तोंडातून ते निघंना. तुझी आई असती तर तिनं सांगितलं असतं नीट.”

मी शेंगांची परडी बाजूला सारली आणि बाहेर गेलो. कांद्याच्या रिकाम्या वाफ्यांमधून नदीच्या बाजूला चालत राहिलो. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. डोळ्यांपुढं एकच चित्र येत होतं: इस्त्रीचा सदरा घालून, टोपी नीट करून, कुणाला न सांगता एसटीत बसलेले आबा. आणि परतीच्या एसटीतले आबा. मी यायच्या आत ते घरी पोचले असतील, सदरा बदलला असेल.

पुढच्या आठवड्यात मी आबांना सांगून, रजा टाकून मंचरला गेलो. दवाखान्यासमोर चहाची गाडी होती, तिथं आम्ही बसलो. ती अंगानं भरली होती, चांगली दिसत होती.

“मामा कसे आहेत?” तिनं आधी हे विचारलं.

“बरे आहेत. त्यांनी मला परवा सांगितलं, ते आले होते ते.”

“परवा? इतके दिवस नाही सांगितलं?” ती जराशी हसली आणि मग ओढणीनं डोळे टिपले.

मी तिला विचारलं, परत येशील का. जुळवून ठेवलेलं वाक्य नव्हतं, तसंच विचारलं.

“नाही हो,” ती म्हणाली. “इथं मला बरं वाटतं. वॉर्डात दिवसभर कुणी ना कुणी हाक मारत असतं.” मग म्हणाली, “तुम्ही वाईट वागला असता तर मी लवकर निघाले असते. तुम्ही वाईट नव्हता, म्हणून मला इतके दिवस लागले.”

आतून तिला कुणीतरी बोलावलं. “आले, आले,” असं मोठ्यानं म्हणत ती उठली. एवढा मोठा तिचा आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. चहा संपवून मी स्टँडवर गेलो. पुढं समजुतीनं कागद झाले. सह्या करताना तिचे वडील माझ्यासाठी खुर्ची ओढून देत होते, हे मला फार लागलं.

त्या दिवशी मंचरहून परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा बोरी फाट्यावर उभे होते. मी कोणत्या गाडीनं येईन हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, म्हणजे ते बराच वेळ उभे असणार.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

मी चालता चालता सगळं सांगितलं, हाक मारण्याचंही सांगितलं. ते मान हलवत राहिले. घर जवळ आल्यावर म्हणाले, “चांगली पोर व्हती.”

त्यानंतर आबा थोडे बोलू लागले. पण आमच्याकडं बोलायला विषयच फार नव्हते. मोटार, पाणी, बहिणीची मुलं, कुणाच्या गोठ्यात बिबट्या आला. ते संपले की आम्ही दोघंही पुढचा विषय शोधत बसायचो आणि तो सापडायचा नाही. दुसरं लग्न कर असं बहीण म्हणायची. मी लांबवत राहिलो, मग तिनंही विचारणं सोडलं.

ग्रंथालयाच्या वेळा बदलल्या तेव्हा मी जुन्नरला खोली घेतली. आबांना म्हटलं, चला. ते आले नाहीत, जनावरं कोण बघणार म्हणाले. मग मी शनिवारी संध्याकाळी गावी जायचो. दारात पोचलो की मी चपला काढायच्या आतच आबांचं सुरू व्हायचं. मोटारीचा बुश गेला, लाल गाय गाभण आहे, शेजारच्या काकूंचा पाय मोडला. एकामागून एक, न थांबता, माझ्याकडं न बघता सांगत राहायचे. मी पिशवी हातात धरून तसाच उंबऱ्यात उभा राहायचो आणि म्हणायचो, “असं व्हय.”