हिरव्या दगडावरचा डाग

माझे सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकं त्यांना चावीकाका म्हणत, आम्ही बाबा. बोलणं कमी, ऐकणं फार. घड्याळ कानाशी धरून डोळे मिटले की जेवायला कितीही हाका मारा. लग्नानंतर वर्षभरात मी त्यांच्या टेबलाशी बसून काम शिकायला लागले. तेव्हा चुलत सासऱ्यांनी जाहीर केलं, की सुनेच्या हाती चिमटा दिलात, आता दुकानाला टाळं लागणार. बाबांनी फक्त स्वतःचं स्टूल थोडं सरकवून मला जागा करून दिली.

त्याच वर्षी गाण्याच्या बाई त्यांचं जुनं रशियन घड्याळ घेऊन आल्या. हिरव्या रेघारेघांचा दगड, चांदीचे पाय, आणि असं जड की टेबलावर ठेवताना बाईंना धाप लागली. नवरा गेल्यापासून बाईंना घरात या घड्याळाच्या टोल्यांचीच काय ती सोबत, आणि तेही मुकं झालेलं. बाबा दहा दिवस त्यात डोकं घालून बसले. मलाही चाकं साफ करायला मिळाली. अकराव्या दिवशी ते वाजलं.

बाई न्यायला येणार त्या सकाळी बाबा बाहेर गेले होते. काळवंडलेली चांदी बघून माझे हात शिवशिवले. पितळी चाकं धुवायच्या अमोनियाच्या पाण्यात कापूस बुडवला आणि फिरवला. चांदी उजळली खरी, पण पाणी दगडावर ओघळलं आणि तिथली झळाळीच गेली. बोटाच्या पेराएवढा पांढुरका डाग. मेण घासलं, तेल घासलं, डाग ढिम्म. समोर चुलत सासरे पेपर वाचत होते. या टेबलावरचा माझा हा शेवटचा दिवस, हे मी मनाशी धरून टाकलं.

बाबांनी येऊन आधी डाग पाहिला, मग माझा चेहरा. पाठोपाठ बाई आल्या. मी तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "बाई, दगडावर डाग पडलाय. चूक माझी. कोणतं पाणी कशाला चालत नाही, हे मी हिला सांगायला हवं होतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग टोले ऐकवायला सांगितले. सगळे ऐकून म्हणाल्या, "सुरात आहे. राहू दे डाग, माझ्या तोंडावर याहून मोठे आहेत."

चुलत सासऱ्यांनी पेपर उलटला. झाकण नीट बसवतो म्हणून बाबा घड्याळ पाच मिनिटं आत घेऊन गेले, मग बाईंच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टेबलाशी होते.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. दुकान आता मीच चालवते. परवा बाईंची भाची तेच घड्याळ साफ करायला घेऊन आली. दुरुस्ती झाली की कारागीर आतल्या पत्र्यावर सुईनं नाव आणि तारीख कोरून ठेवतो. मालकाला ते कधी दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसतं. मी मागचं झाकण उघडलं. दोन रशियन नावं, मला न वाचता येणारी. त्यांच्याखाली बाबांचं बारीक अक्षर आणि तारीख, त्या डागाच्या दिवसाची. आधी माझं नाव, मग त्यांचं.

बाईंच्या हवाली करण्याआधी ते पाच मिनिटं घड्याळ आत घेऊन गेले होते, ते यासाठी. जन्मभर एका शब्दानं बोलले नाहीत. भाची समोर बसली होती, तरी मी खुशाल रडून घेतलं.