अक्काला दिलेली पांढरी शेळी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. आत्ता लिहितानाही सारखी दाराकडे बघतेय — सुमनअक्का आली तर? भडगावात तिचं घर माझ्या भिंतीला लागून आहे.

आमच्याकडे शेळी अर्धलीने देतात. शेळी एकीची, सांभाळणार दुसरी, करडं दोघींत निम्मी. शेळी दगावली तर सांभाळणारीने भरून द्यायची. अक्का विधवा, घर सगळं शेळ्यांवर. त्यांच्यावरच तिची लेक शिरपूरला नर्सिंग शिकत होती. माझी पांढरी शेळी ती कधीची मागत होती. मी देत नव्हते.

मग एका सकाळी पांढरीचं नाक वाहायला लागलं. तोंडात फोड. पहूरला भावाचा अख्खा कळप याच रोगाने गेलेला मी पाहिला होता. मला कळलं नाही म्हणू? कळलं होतं ना. कळलं म्हणूनच पदराने तिचं नाक पुसलं, आणि — आणि तिला अक्काच्या दावणीला बांधून आले. अक्का किती खूश झाली होती, काय सांगू.

घरी येऊन डॉक्टरांना फोन केला, माझ्या बाकीच्या शेळ्यांना लस टोचून घेतली. अक्काला बोलावलं नाही. तिने विचारलं असतं, आजच का गं?

माझ्या बहुतेक वाचल्या. तिच्या एकेक करून गेल्या. व्यापारी आमच्या गल्लीत फिरकेनात. लेक शिक्षण सोडून परत आली, आता कापूस वेचायला जाते. रस्त्यात ती दिसली की मी दुसऱ्या बोळात शिरते. तिने नर्सिंगच्या पुस्तकात वाचलं असेल का, रोग कसा पसरतो ते? एखाद्या दिवशी हिशेब जुळेल तिला.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. पांढरीसकट सगळ्या गेल्यावर अक्का दारात आली. कडेवर एक करडू, तिचं वाचलेलं तेवढंच. रडत म्हणाली, "मना बकऱ्यासमुये तुनी बकरी गई, बहीन. हाई करडू तुले ऱ्हाऊ दे." तिच्या शेळ्यांमुळेच माझी पांढरी गेली, असं तिला वाटत होतं.

या रोगातून जे वाचतं त्याला तो पुन्हा होत नाही, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं.

मी हात पुढे केले आणि करडू घेतलं.